मंगळवारी ताडोबा बंद

जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे नकाशा अंथरलाय,
आम्ही ताटं घेऊन खाली बसतो.
अकोल्यावर वरणाचा डाग पडला,
श्रीरंग म्हणाला, असू दे,
तिथलं ऊन तसलंच पिवळं असतं.

बावीस दिवस. दोन हजार सहाशे किलोमीटर.
मेळघाट, पेंच, कान्हा, मग खाली उतरत ताडोबा,
परतीला लोणार, जमलं तर.
वहीत त्यानं पट्टीनं उभ्या रेघा मारल्यात:
तारीख, मुक्काम, पेट्रोल, पाणी,
आणि शेवटच्या रकान्यात रोज दोनदा आठ,
सकाळची गोळी, रात्रीची गोळी.
मंगळवारी ताडोबा बंद, बुधवारी दुपारी कान्हा बंद,
गोळीला सुट्टी नाही.

मे महिन्यात कुणी विदर्भात जातं का हो,
खालच्या फडतरेबाई विचारतात.
वाघच बघायचाय ना, मग कात्रजला जा की,
संध्याकाळी घरी येऊन कुकर लावाल.
मी त्यांना पाणवठ्यांचं सांगते.
पाणी आटलं की वाघाला लपायची चैन परवडत नाही,
पानं झडून जंगल आरपार दिसतं,
कहांडोळाची पांढरी खोडं रात्री भुतासारखी उभी असतात.
सगळं त्याचंच बोलणं, माझ्या तोंडून.

बाकीचं नाही सांगत.
सप्टेंबरातला हडपसरचा सिग्नल.
हिरवा झालेला,
आणि स्टिअरिंगवर त्याचे हात लाकडासारखे.
मागून हॉर्न, हॉर्न, हॉर्न.
मी हँडब्रेक ओढला,
गाडीतलं तेव्हा मला तेवढंच येत होतं.
डॉक्टरांनी चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं, वाहन चालवू नये,
आणि खाली रेघ मारली.
चाळीस वर्षांच्या ड्रायव्हिंगला तीन शब्द.

मग बिबवेवाडीचे झगडे सर.
बावन्नाव्या वर्षी काचेवर लाल एल.
"मॅडम, क्लच आहे तो, विंचू नाही, हळू सोडा."
तळजईच्या चढावर गाडी तीनदा मागे घसरली,
चौथ्यांदा शेंगदाणेवाल्यानं आपणहून
चाकाखाली दगड सरकवला.
स्वारगेटला एका पीएमटीवाल्यानं जो दम भरला
तो मी चिखलदऱ्याच्या घाटासाठी जपून ठेवलाय.

रात्री तो माझ्याकडून रस्ता पाठ करून घेतो.
वाघोली संपेपर्यंत संयम.
शिरूरला चहा. नगरला गावात शिरायचं नाही.
ट्रकच्या मागे असलीस तर त्याच्या आरशात तू दिसली पाहिजेस.
आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला, कसंही करून.
पूर्वी हाच माणूस रात्री एकला म्हणायचा,
अजून शंभर किलोमीटर ओढू.

एक गोष्ट अडली होती.
गाभ्याच्या जंगलात मोबाईल नेऊ देत नाहीत,
मग सकाळच्या फेरीत आठ वाजलेले कळणार कसे?
त्यानं कपाटातून किल्लीचं एचएमटी काढलं,
लक्ष्मी रोडला नेऊन दुरुस्त करून आणलं.
दिवसाला चार मिनिटं मागे पडतं अजून.
चार मिनिटांनी काही होत नाही, मी म्हटलं.
चार मिनिटांनी काय होतंय, तोही म्हणाला,
आणि किल्ली जरा जास्तच पिळली.

आज सकाळी पार्किंगमध्ये मी गाडी मागे घेत होते.
तो मागे उभा, तळहात हलवत,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे,
आणि खांब हातभर लांब असताना
मध्येच गप्प.

मी करकचून ब्रेक दाबला. दार उघडं टाकून धावले.
तो डिकीवर वाकून वितीनं मोजत होता,
पाण्याचे दोन कॅन आडवे बसतील की उभे.
"काय गं?"
काही नाही.
"मग थांबलीस कशाला? अजून वीतभर येऊ दे."